यकृताचे वाटप आणि रुग्णाचे जगणे : मेल्ड गुणांकाचा चिकित्सक परिचय

प्रस्तावना

मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसच्या आधाराने रुग्णास काही वर्षे काढता येतात. यकृताच्या बाबतीत अशी सोय नाही. यकृताची नानाविध कामे दीर्घकाळ करू शकेल असे यंत्र अद्याप वैद्यकशास्त्राच्या हाती आलेले नाही. त्यामुळे सिऱ्होसिसच्या अंतिम अवस्थेत पोहोचलेल्या रुग्णापुढे प्रत्यारोपण हाच एक उपाय उरतो. मृत दात्यांकडून मिळणारी यकृते मात्र गरजूंच्या संख्येपेक्षा सर्वत्र कमी आहेत. एका रुग्णास यकृत दिले, याचा अर्थ त्याच दिवशी यादीवरील दुसऱ्या एखाद्या रुग्णास ते नाकारले, असा होतो. ही गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही. पण वाटपाचा प्रत्येक नियम हेच काम करीत असतो.

हा निर्णय कोणत्या तत्त्वावर घ्यावयाचा? सर्वांत आजारी रुग्णास प्रथम द्यावे, की ज्याच्या शरीरात ते यकृत सर्वाधिक काळ काम करील त्यास? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात संख्याशास्त्र, कायदा, नीतिविचार आणि भूगोल हे सारे गुंतलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः अमेरिकेच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. तेथे २००२ पासून यकृताचे वाटप एका प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार होते आणि त्या सूत्राचे परिणाम काटेकोरपणे मोजले गेले आहेत. लेखाचे प्रतिपादन असे की, यकृताविना कोण दगावेल हे सांगणारा आकडा आणि यकृत मिळाल्यावर कोण जगेल हे सांगणारा आकडा, हे दोन भिन्न आकडे आहेत. वाटपाविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या भिन्नतेत आहे.

यशातून उद्भवलेली टंचाई

मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे केले. रुग्ण तीन वर्षांचे बालक होते. रक्तस्राव आटोक्यात न आल्याने ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावले. १९६७ मध्ये प्रत्यारोपणानंतर एक वर्षाहून अधिक काळ जगलेला रुग्ण प्रथमच दिसला. पुढील दशकभर ही शस्त्रक्रिया प्रायोगिकच राहिली. प्रत्यारोपण झालेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश रुग्ण वर्षभर जगत. अशा अवस्थेत वाटपाचा प्रश्न फारसा उपस्थित होत नव्हता, कारण यकृत मागणारेच थोडे होते.

सायक्लोस्पोरिन या औषधाने चित्र पालटले. परक्या अवयवास शरीराकडून होणारा विरोध त्याने बऱ्याच अंशी रोखला आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात गेले. जून १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेत यकृत प्रत्यारोपण हा मान्य उपचार असल्याचा निर्वाळा देण्यात आला. १९८४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा राष्ट्रीय कायदा संमत झाला. त्यानुसार देशव्यापी अवयव जाळे उभे राहिले आणि १९८६ मध्ये त्याच्या संचालनाचे काम युनॉस या संस्थेकडे आले. शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागली म्हणूनच यादी लांबली.

प्रारंभीच्या नियमांमध्ये रुग्ण कोठे आहे, याला महत्त्व होते. अतिदक्षता विभागातील रुग्ण आधी, नंतर रुग्णालयात दाखल असलेला, शेवटी घरी असलेला. १९९८ पासून चाइल्ड, टर्कॉट व प्यू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुणांकाच्या आधारे रुग्णांचे गट पाडले जाऊ लागले. या गुणांकात पाच बाबी येतात : बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा काळ, जलोदर आणि यकृतविकारामुळे येणारा बुद्धिभ्रम. पैकी शेवटच्या दोन बाबी तपासणाऱ्याच्या मतावर अवलंबून असतात. जलोदर किंचित आहे की मध्यम, हे दोन डॉक्टर दोन प्रकारे सांगू शकतात. शिवाय गट मोजके असल्याने एकाच गटात असंख्य रुग्ण येत, आणि त्यांचा क्रम ठरे तो यादीवर किती दिवस आहेत यावरून.

येथे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. प्रतीक्षेचा काळ हाच क्रमाचा आधार असेल, तर शहाणपण लवकर नाव नोंदविण्यात आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी प्रकृती बऱ्यापैकी असतानाच रुग्णांची नावे यादीवर जाऊ लागली. ज्याचा आजार उशिरा कळला, ज्याला तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला, तो गरीब वा दूरचा रुग्ण अधिक आजारी असूनही मागे राहिला. १९९८ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याने काढलेल्या नियमावलीत वैद्यकीय निकडीला प्राधान्य द्यावे, असा आग्रह धरण्यात आला. तिच्यावरून वादंग माजल्याने वैद्यक संस्थेकडे अभ्यास सोपविला गेला. १९९९ च्या अहवालात या संस्थेने कमी निकडीच्या रुग्णांच्या बाबतीत प्रतीक्षेचा काळ हा निकष वापरणे थांबवावे, अशी शिफारस केली. प्रश्न उरला तो असा की, निकड मोजावयाची कशी?

मेल्ड गुणांकाची घडण

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. यकृतातील रक्तदाब कमी करण्यासाठी काही रुग्णांच्या यकृतात एक जाळीदार नळी बसवितात. या उपचारानंतर कोणते रुग्ण तीन महिन्यांत दगावतात, हे जाणण्यासाठी मायो क्लिनिकमधील मॅलिनचॉक, कामत आदी संशोधकांनी २००० मध्ये २३१ रुग्णांच्या माहितीवरून एक सूत्र मांडले. पुढील वर्षी कामत व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नळी न बसविलेल्या सर्वसाधारण सिऱ्होसिसच्या रुग्णांनाही ते लागू पडते. हेच सूत्र मेल्ड या नावाने २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत यकृतवाटपाचा आधार बनले.

सूत्रात रक्ताच्या तीन तपासण्या आहेत. बिलिरुबिनचे प्रमाण यकृताची उत्सर्जनक्षमता सांगते, आयएनआर हा रक्त गोठण्याचा निर्देशांक यकृताची प्रथिने बनविण्याची शक्ती सांगतो, आणि क्रिएटिनिन मूत्रपिंडांची अवस्था सांगते. या तिन्ही संख्यांचे नैसर्गिक लॉगरिदम घेऊन त्यांना अनुक्रमे ३.७८, ११.२ आणि ९.५७ यांनी गुणावयाचे, बेरीज करावयाची आणि तीत ६.४३ मिळवावयाचे. येणारी संख्या पूर्णांकात घेतात. ती ६ ते ४० या मर्यादेत ठेवली जाते. कोणतेही मूल्य १ पेक्षा कमी असल्यास ते १ धरतात, अन्यथा लॉगरिदम ऋण होऊन गुणांक विनाकारण घटला असता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रुग्णाचे बिलिरुबिन ४, आयएनआर १.८ आणि क्रिएटिनिन १ आहे. त्याचा गुणांक ५.२४ + ६.५८ + ० + ६.४३, म्हणजे सुमारे १८ येतो. त्याच रुग्णाची मूत्रपिंडे मंदावून क्रिएटिनिन २ झाले, तर ६.६३ ची भर पडून गुणांक २५ होतो. लॉगरिदम वापरल्याचा परिणामही लक्षात घेण्याजोगा आहे. बिलिरुबिन २ वरून ४ झाले काय किंवा १० वरून २० झाले काय, गुणांकात सारखीच, सुमारे २.६ ची भर पडते. महत्त्व मूल्य किती पटींनी वाढले याला आहे. किती एककांनी वाढले याला नाही.

सूत्रातील ६.४३ या स्थिरांकाची कथा मनोरंजक आहे. मूळ सूत्रात तो स्थिरांक नव्हताच. आजाराचे कारण मद्यपान किंवा पित्तमार्गाचा रोग असेल तर शून्य आणि अन्य काही असेल तर ६.४३, अशी ती योजना होती. वाटपासाठी सूत्र स्वीकारताना कारणानुसार भेद नको, असे ठरले आणि सर्वांनाच ६.४३ देण्यात आले. एका नैतिक निर्णयाचा हा अवशेष आजही जुन्या सूत्राच्या शेवटी दिसतो. ते केवळ गणित आहे, असे मानणाऱ्यांनी या संख्येकडे जरूर पाहावे.

सूत्राची परीक्षा २००३ मध्ये वीस्नर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झाली. प्रतीक्षायादीवरील ३,४३७ रुग्णांमध्ये, ज्यांचा गुणांक ९ पेक्षा कमी होता त्यांपैकी १.९ टक्के रुग्ण तीन महिन्यांत दगावले. ४० किंवा अधिक गुणांक असणाऱ्यांत हे प्रमाण ७१.३ टक्के होते. दगावलेला एक आणि जगलेला एक अशी कोणतीही जोडी घेतली, तर १०० पैकी ८३ वेळा दगावलेल्याचा गुणांक अधिक असे. जुन्या पद्धतीत हे ७६ वेळा घडे. फरक ७ चाच. परंतु मेल्डचे खरे बळ याहून वेगळे आहे. त्याच्या तिन्ही बाबी प्रयोगशाळेतून येतात. त्या कोणालाही पडताळता येतात.

आपण प्राध्यापक मंडळी दरवर्षी प्रवेशाची गुणवत्तायादी लावतो. ही यादी तिच्याच जातीची आहे, फक्त उलटी. येथे वर येण्यासाठी प्रकृती अधिक बिघडावी लागते, आणि वर आलेल्यास तेथे फार दिवस काढता येत नाहीत. औषधांमुळे वा विषाणूमुळे यकृत अकस्मात निकामी झालेल्या रुग्णांना या यादीच्याही आधी स्थान असते, कारण त्यांच्यापाशी केवळ काही दिवस असतात.

नवी पद्धत आल्यावर पहिल्याच वर्षी यादीवरील नव्या नोंदी घटल्या. रुमाल टाकण्यात आता अर्थ राहिला नव्हता. यादीवरील मृत्यूही काहीसे कमी झाले. अधिक आजारी रुग्णांना यकृते मिळू लागली तर प्रत्यारोपणानंतरचे मृत्यू वाढतील, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. अमेरिकेत तसे घडले नाही. त्याचे कारण पुढे पाहू.

जे रक्तात दिसत नाही

प्रत्येक मापन काहीतरी वगळते. यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण याचे ठळक उदाहरण होय. त्याचे बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन जवळजवळ सामान्य असू शकते. गुणांक ८ किंवा १० येईल. पण गाठ वाढत असते आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्यारोपणाचा उपयोग उरत नाही. ती मर्यादा मिलान येथील मात्साफेरो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घालून दिली : एकच गाठ असल्यास ५ सेंटिमीटरपर्यंत, दोन वा तीन असल्यास प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. या निकषांत बसणाऱ्यांचे चार वर्षे जगण्याचे प्रमाण ८५ टक्के आढळले. तेव्हा अशा रुग्णांना गुणांक बहाल करावा लागला. किती? २००२ मध्ये दुसऱ्या टप्प्यातील कर्करोगास २९ गुण देण्यात आले. कर्करोगग्रस्तांना झटपट यकृते मिळू लागली, हे दिसताच २००३ मध्ये ते २४ वर आणि २००५ मध्ये २२ वर आणले गेले. २०१५ पासून सहा महिने थांबण्याची अट आली. या प्रतीक्षेत ज्यांची गाठ झपाट्याने वाढते त्यांचा कर्करोग पुढेही उलटण्याची शक्यता अधिक, असा तर्क त्यामागे होता. २०१९ मध्ये हे गुण त्या त्या परिसरातील मध्यक गुणांकाशी जोडले गेले. २९, २४, २२ या संख्या कोणत्याही तपासणीतून आलेल्या नाहीत. त्या वाटाघाटीतून आल्या आहेत आणि अनुभवाने बदलल्या आहेत.

स्त्रियांच्या बाबतीतील दोष अधिक गंभीर आहे, कारण तो उघड दिसत नव्हता. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. स्त्रियांच्या शरीरात स्नायू तुलनेने कमी, म्हणून मूत्रपिंडे तेवढीच बिघडलेली असूनही त्यांचे क्रिएटिनिन कमी दिसते. समजा, एकाच अवस्थेतील पुरुषाचे क्रिएटिनिन १.३ आणि स्त्रीचे १ आहे. एवढ्यानेच तिचा गुणांक सुमारे अडीचने मागे पडतो. त्यातच लहान बांध्याच्या स्त्रीस मोठ्या देहाच्या दात्याचे यकृत बसत नाही. मोयलन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, मेल्ड आल्यावर कृष्णवर्णीय रुग्णांवरील पूर्वीचा अन्याय बराच कमी झाला, परंतु स्त्रिया मात्र यादीवर दगावण्याच्या वा प्रत्यारोपणास असमर्थ ठरण्याच्या बाबतीत पूर्वीपेक्षा अधिक मागे पडल्या. एकच वस्तुनिष्ठ सूत्र एका गटाला न्याय देते आणि दुसऱ्या गटावर अन्याय करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. दोष ज्ञात झाल्यानंतर तो दूर व्हावयास पंधरा वर्षे लागली. जुलै २०२३ मध्ये अमलात आलेल्या मेल्ड ३.० या सुधारित सूत्रात स्त्रियांना १.३३ गुण अधिक दिले जातात, अल्ब्युमिनचा समावेश आहे आणि क्रिएटिनिनची कमाल मर्यादा ४ वरून ३ वर आणली आहे. दरम्यान, रक्तातील सोडियम कमी असलेले रुग्ण मेल्ड सांगतो त्यापेक्षा अधिक संख्येने दगावतात, असे किम व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविल्यावरून जानेवारी २०१६ मध्ये सोडियमही सूत्रात आले होते.

पडताळता येणारे आकडेही बदलता येतात, हे जर्मनीत दिसले. तेथे डिसेंबर २००६ पासून मेल्ड वापरात आहे. २०१२ मध्ये गटिंगेन विद्यापीठाच्या रुग्णालयात रुग्णांविषयीची माहिती फिरवून त्यांचे क्रम वर नेल्याचे प्रकरण उघडकीस आले. संबंधित शल्यचिकित्सकास २०१५ मध्ये न्यायालयाने निर्दोष ठरविले आणि २०१७ मध्ये तो निकाल वरिष्ठ न्यायालयात कायम झाला. परंतु या प्रकरणानंतर जर्मनीतील अवयवदान घटले. वाटपावरील विश्वास हा दानाचा पाया आहे, हे येथे आकड्यांतच दिसून आले.

अंतराचा प्रश्न

गुणांक सारखा असूनही अमेरिकेत रुग्णाचे नशीब तो कोठे राहतो यावर ठरत असे. देशाचे ११ विभाग आणि ५८ दातृक्षेत्रे होती. यकृत आधी स्थानिक क्षेत्रात दिले जाई. त्यामुळे एका राज्यात २४ गुणांकास मिळणारे यकृत दुसरीकडे ३३ गुणांक होईपर्यंत मिळत नसे. जून २०१३ पासून ३५ वा अधिक गुणांकाच्या रुग्णांसाठी विभागभर वाटप सुरू झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये क्षेत्रांच्या सीमा रद्द होऊन दात्याच्या रुग्णालयाभोवती १५०, २५० आणि ५०० सागरी मैलांची वर्तुळे आली.

यावर न्यायालयीन लढाई झाली. मध्य आणि दक्षिण भागातील रुग्णालयांचा आक्षेप असा की, आमच्याकडील ग्रामीण, गरीब रुग्ण यादीपर्यंतच पोहोचत नाहीत. यादीवरील गुणांक पाहून आमची यकृते महानगरांकडे वळविणे अन्याय्य आहे. हा आक्षेप सहज बाजूला सारण्याजोगा नाही. मेल्ड यादीवरील रुग्णांचीच तुलना करतो. यादीत प्रवेश मिळण्यासाठी विमा हवा, तज्ज्ञाची भेट हवी, वारंवार प्रवास करण्याची ऐपत हवी. या पायऱ्यांवर गळालेल्या रुग्णाचा गुणांक कोणी काढीत नाही.

मद्यपानाने यकृत गेलेल्या रुग्णांसाठीही असाच एक दरवाजा होता : सहा महिने मद्य सोडल्याशिवाय नोंद नाही. तीव्र मद्यजन्य यकृतदाहाचे अनेक रुग्ण सहा महिने जगतच नाहीत. फ्रान्स व बेल्जियममधील मातुरॅं व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निवडक २६ रुग्णांवर ही अट न पाळता प्रत्यारोपण केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सहा महिने जगलेल्यांचे प्रमाण ७७ टक्के होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत ते २३ टक्के होते. त्यानंतर अनेक केंद्रांनी ही अट शिथिल केली आहे.

प्रत्यारोपणानंतरचे जगणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अधिक आजारी रुग्णांना यकृते दिली तरी अमेरिकेत नंतरचे मृत्यू का वाढले नाहीत? कारण मेल्ड मोजतो ते जुन्या यकृताचे अपयश. शस्त्रक्रियेत ते यकृतच काढून टाकले जाते. बिलिरुबिन उतरते, रक्त गोठू लागते, पुष्कळदा मूत्रपिंडेही सावरतात. पुढचे जगणे ठरते ते वेगळ्या गोष्टींवर : दात्याचे वय, यकृत किती तास थंड द्रावणात राहिले, रुग्णाचे हृदय व स्नायूबळ, मूळ रोग उलटण्याची शक्यता, शल्यचिकित्सेचे कौशल्य. प्रत्यारोपणानंतर कोण जगेल हे सांगण्यात मेल्ड नाणेफेकीपेक्षा थोडाच बरा ठरतो. अमेरिकेत आज प्रौढ रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण प्रत्यारोपणानंतर एक वर्ष जगतात, पाच वर्षे जगणारे सुमारे ८० टक्के आहेत. जर्मनीतील काही केंद्रांचा अनुभव मात्र निराळा आहे. तेथे यकृते अधिक दुर्मीळ आणि दाते अधिक वयस्क. गुणांक फार वर गेल्यावरच यकृत मिळू लागल्याने आरंभीच्या महिन्यांतील मृत्यू वाढले. सर्वांत आजारी तो प्रथम, हे तत्त्व किती महाग पडेल, हे टंचाई किती तीव्र आहे यावर अवलंबून असते.

दुसऱ्या टोकाला, गुणांक कमी असताना यकृत देणे अपायकारक ठरू शकते. मेरियन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सुमारे १३,००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६ ते ११ गुणांक असणाऱ्यांमध्ये प्रत्यारोपण झालेल्यांचा मृत्यूचा धोका यादीवर थांबलेल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होता. १८ ते २० गुणांकास प्रत्यारोपणाने धोका ३८ टक्क्यांनी घटला. ४० गुणांकास तो ९६ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष वर्षभराच्या पाहणीवरचे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांचा परिणाम मात्र तत्काळ झाला. १५ पेक्षा कमी गुणांकाच्या स्थानिक रुग्णाआधी, १५ वा अधिक गुणांकाच्या दूरच्या रुग्णास यकृत देण्याचा नियम त्याच वर्षी आला.

या अभ्यासात दडलेली कल्पना लाभाची आहे. प्रत्यारोपणासह अपेक्षित आयुष्य वजा प्रत्यारोपणाविना अपेक्षित आयुष्य, म्हणजे लाभ. पुन्हा एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुढील पाच वर्षांचाच हिशेब करू. ‘क’ या रुग्णाचे यकृताविना अपेक्षित आयुष्य ०.२ वर्षे आहे, यकृत मिळाल्यास २.४ वर्षे. ‘ख’ चे अनुक्रमे १ आणि ४.२ वर्षे. ‘ग’ चे ३.९ आणि ४.६ वर्षे. निकड पाहिली तर यकृत ‘क’ ला द्यावे लागेल. प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य पाहिले तर ‘ग’ ला. लाभ पाहिला तर ‘ख’ ला, कारण त्याला ३.२ वर्षे मिळतात. ‘क’ ला २.२ आणि ‘ग’ ला अवघी ०.७. तीन नियम, एकच यकृत आणि तीन वेगवेगळे रुग्ण. यांपैकी चुकीचे गणित कोणाचेच नाही.

शाउबेल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेसाठी लाभाधिष्ठित वाटप सुचविले. तेथे ते स्वीकारले गेले नाही. ब्रिटनने मार्च २०१८ मध्ये ते स्वीकारले. तेथील सूत्रात रुग्णाच्या २१ आणि दात्याच्या ७ बाबी विचारात घेऊन पाच वर्षांतील लाभ काढला जातो. तत्त्वतः हे मेल्डहून श्रेष्ठ वाटते. परंतु पाच वर्षांच्या चौकटीने स्वतःचा पूर्वग्रह आणला. यकृत मिळाल्यास पंचविशीतील रुग्ण चाळीस वर्षे जगेल आणि पासष्टीतील दहा वर्षे, पण सूत्र दोघांचीही पाचच वर्षे मोजते. उलट, तरुणाचे शरीर यकृताविना अधिक तग धरील, असे सूत्र गृहीत धरते. म्हणजे वजाबाकीत त्याचाच लाभ कमी येतो. २०२३ पासून या सूत्रावर जाहीर टीका होऊ लागली. तरुण रुग्णांना आणि कर्करोगग्रस्तांना त्यात विपरीत स्थान मिळते, असे टीकाकारांनी दाखविले. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येही यावर लेखन झाले. सूत्रात बाबी जितक्या अधिक, तितके रुग्णास आपला क्रम कसा ठरला हे समजणे कठीण. मेल्डचा गुणांक रुग्णाचा मुलगा गणकयंत्रावर काढू शकतो. ब्रिटिश सूत्राबाबत असे म्हणता येणार नाही. माझ्या मते, लाभाचे तत्त्व योग्य असले तरी ही पडताळणीची सोय गमावणे ही त्याची फार मोठी किंमत आहे.

जेथे यादी दुय्यम ठरते

वरील सारा विचार मृत दात्याच्या यकृताविषयी आहे. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो घोषित करावयाचा असतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या अशा दात्यांच्या अवयवांचे वाटप करतात. २०२३ मध्ये केंद्राने मृत दात्याच्या अवयवासाठी अधिवासाची आणि ६५ वर्षांच्या वयोमर्यादेची अट काढून टाकली. तथापि आपल्याकडील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. पत्नी, आई, भाऊ, मुलगा यांच्या यकृताचा भाग काढून रुग्णास बसविला जातो. उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे वाढून येते.

अशा वेळी समितीपुढे वाटपाचा प्रश्न येत नाही. तो घरात येतो. यकृत एकाच रुग्णासाठी असल्याने दुसऱ्या कोणाला ते नाकारले जात नाही, पण हिशेबात एका निरोगी माणसाचा जीव येतो. यकृताचा उजवा भाग देणाऱ्या दर हजार दात्यांमागे दोन ते पाच मृत्यू वैद्यकीय साहित्यात सांगितले जातात. १२ गुणांकाच्या रुग्णास हा धोका पत्करून यकृत द्यावे का, आणि ३८ गुणांकाच्या, वाचण्याची शक्यता अनिश्चित असलेल्या रुग्णासाठी तो दात्याने पत्करावा का, हे ठरविताना मेरियन यांची वजाबाकी अपुरी पडते, कारण तिच्यात दात्याचा रकाना नाही. कायद्यानुसार दात्याची संमती स्वेच्छेची असल्याची खात्री करून घ्यावी लागते. भारतातील जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे आणि अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण अधिक आहे. ही खात्री करून घेणाऱ्या प्रत्येक समितीसमोर ही वस्तुस्थिती असते, आणि कोणत्याही गुणांकात ती नोंदली जात नाही.